‘स्वच्छ’ चित्रपट कशाला म्हणावे?

“फादर, घरातल्या सर्वांना एकत्र बसून पाहता येईल असा एखादा स्वच्छ चित्रपट सुचवा,” अशी मागणी आमच्या छत्रपती संभाजीनगरातील भाविक कुटुंबांकडून वारंवार होते. मागणी रास्त आहे. मात्र तिच्यातील ‘स्वच्छ’ या शब्दाशी आमचे भांडण आहे. गेल्या आठवड्यात आम्ही घरीच ओळीने पाच चित्रपट पाहिले आणि हे भांडण अधिकच पक्के झाले.

आरंभ केला तो ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ने (१९३६). दामले-फत्तेलाल यांची ही कृती १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविली गेली. परंतु तिच्याकडे केवळ भक्तिपट म्हणून पाहणे म्हणजे निम्मा चित्रपट सोडून देणे होय. लेकरांच्या पोटाची चिंता वाहणारी आवली त्यात तुकोबांइतकीच मोठी आहे. नंतर आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ (१९५३), राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला चित्रपट. येथवर सारे निर्विवाद.

तिसरा चित्रपट मत्तयकृत शुभवर्तमानावरचा, पासोलिनी या इटालियन दिग्दर्शकाचा (१९६४). दिग्दर्शक नास्तिक आणि मार्क्सवादी; तरी त्याचा ख्रिस्त मत्तयाच्याच शब्दांत बोलतो. हा चित्रपट पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे, आणि चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत त्याला स्थान मिळाले. दिग्दर्शकाच्या श्रद्धेचा दाखला आधी मागितला असता, तर ख्रिस्तसभा या कृतीला मुकली असती.

खरा वाद पुढील दोहोंविषयी आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) एका सद्गृहस्थांनी शिव्या ऐकून अर्ध्यावरच बंद केला. साऱ्या गावादेखत डुक्कर धरावयास लावलेल्या कुटुंबाची विटंबना त्यांना सोसवली, शिव्या तेवढ्या सोसवल्या नाहीत! मराठवाड्यातील आपल्या कित्येक धर्मग्रामांचा इतिहास गावकुसाबाहेर सुरू झाला, हे वाचकांना आम्ही सांगावे काय? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (२०१४) गटारात उतरणाऱ्या कामगाराच्या मृत्यूवरून एका लोकशाहिरावर खटला चालतो. न्यायालयातले कामकाज संथ चालते, म्हणून तो ‘कंटाळवाणा’ ठरतो. उलट, नायक कोयत्याने डझनावारी माणसे कापतो असे चित्रपट तान्ही मुले मांडीवर घेऊन पाहिले जातात. कारण त्यांत चुंबन नसते. कपडा मोजायचा आणि रक्त मोजायचे नाही, ही कोणती नीती?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच, समाजसंपर्क माध्यमांवरील आदेशपत्रात, याचा विचार केला आहे. संयम राखून केलेले वाइटाचे चित्रण मनुष्याची अधिक खोल ओळख करून देऊ शकते, असे ती परिषद सांगते. आणि निवडीची जबाबदारी प्रेक्षकांवर व आईवडिलांवरही टाकते. आपल्याजवळच्या अजिंठ्यात भिक्षूंनी आपल्या विहारांच्या भिंतींवर राजवाड्यातील विलासही रंगवू दिला आणि दुःखही. पाहुण्यांना ती लेणी आपण अभिमानाने दाखवतो. मग पडद्यासाठीच वेगळा न्याय का?

सर्वच चित्रपट सर्व वयांसाठी नसतात, हे आम्हांस मान्य आहे. ‘फँड्री’ पाहताना मुलाशेजारी वडीलधारे माणूस हवे. परंतु आज घडते ते विपरीत. एका घरात चार मोबाइल, चार कोपरे आणि चार चित्रपट! तेथे ना निवड होते, ना चर्चा. त्यापेक्षा आठवड्यातून एक चित्रपट सर्वांनी मिळून, मोबाइल बाजूला ठेवून पाहावा आणि नंतर अर्धा तास त्यावर बोलावे. चित्रपटाने कोणाच्या बाजूला उभे केले, मारणाऱ्याच्या की मार खाणाऱ्याच्या, एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुरे.

आपल्या प्रत्येक घराच्या भिंतीवर एक रक्तबंबाळ, अर्धनग्न देह टांगलेला असतो. मुलांपासून तो आपण झाकून ठेवत नाही. तो कोणासाठी खिळला गेला, हे त्यांना सांगतो.