मिलान, १८८० : ‘काळच तसा होता’ ही पळवाट

१/
सप्टेंबर १८८०. इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी १६४. त्यांत स्वतः कर्णबधिर असलेले एकच : अमेरिकेचे शिक्षक जेम्स डेनिसन. खुणांच्या भाषेपेक्षा मौखिक पद्धत श्रेष्ठ, हा ठराव १६० विरुद्ध ४ मतांनी संमत झाला.

२/
या ठरावाविषयी लिहिताना एक वाक्य हमखास येते : काळच तसा होता, त्या मंडळींना ठाऊक नव्हते. हे असत्य आहे. त्यांना ठाऊक होते.

३/
पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी खुणांच्या साहाय्याने शिकवणारी शाळा अठराव्या शतकातच उभारली होती. तेथे शिकून तेथेच शिक्षक झालेले कर्णबधिर लोराँ क्लेर १८१७ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्डच्या शाळेचे सहसंस्थापक झाले. वॉशिंग्टनच्या महाविद्यालयाला कर्णबधिरांना पदव्या देण्याचा अधिकार १८६४ मध्येच मिळाला होता. त्याचे प्रमुख एडवर्ड गॅलॉडेट तर मिलानच्या सभागृहातच बसले होते, विरोधकांत. उच्चारशिक्षण नको, असे त्यांचे म्हणणे नव्हतेच. दोन्ही पद्धती हव्यात, एवढीच मागणी होती.

४/
तरीही कौल असा का? १६४ पैकी ८७ इटालियन, ५६ फ्रेंच. सभेचा कल सभा भरण्यापूर्वीच ठरलेला होता. पुढच्या ठरावाने कारणही दिले : खुणा आणि उच्चार एकत्र वापरले तर उच्चार, ओष्ठवाचन आणि विचारांची अचूकता बिघडते. ओष्ठवाचनाची मर्यादा कोणीही आरशासमोर पाहावी. ‘पाळ’, ‘बाळ’, ‘माळ’ आवाज न करता म्हणावे. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. न ऐकणाऱ्या मुलाने केवळ एवढ्यावर गणित, भूगोल, इतिहास शिकावा, अशी ही अपेक्षा!

५/
ठराव म्हणजे कायदा नव्हे. तरी युरोपातील शाळांमागून शाळांनी तो शिरोधार्य मानला. कर्णबधिर शिक्षक वर्गाबाहेर गेले. हात हलवले म्हणून मुलांना शिक्षा झाल्या. उच्चार घोटण्यात वर्षे गेली आणि विषयांचे ज्ञान मागे पडले. मग त्याच मुलांना ‘मंद’ ठरवणे सोपे झाले.

६/
खुणांच्या भाषेला स्वतंत्र रचना आहे, हे विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये दाखवले, हे खरे. पण भाषाशास्त्र उशिरा आले म्हणून मिलानला क्षमा मिळत नाही. त्या भाषेत शिकून शिक्षक झालेली माणसे तेव्हा हयात होती. मिलानचे ठराव नाकारून खेद व्यक्त करायला याच परिषदेला २०१० चे व्हँकूव्हर गाठावे लागले. १३० वर्षे!

७/
भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक, त्यांत स्वतः दिव्यांग असलेलेही, नेमण्याची तरतूद आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात भारतीय सांकेतिक भाषेच्या प्रमाणीकरणाचा उल्लेख आहे. आणि तरीही ‘खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही’ हा सल्ला पालकांच्या कानी आजही पडतो. तो सल्ला देणाऱ्याला मिलानचे नावही ठाऊक नसते.