पेशीला न गिळवणारा घास

पावसाळ्याआधी घरांवरचे जुने सिमेंटचे पत्रे बदलायची लगबग सुरू होते. ते हातोडीने फोडले जातात आणि उडणारी धूळ आपण सिमेंटची समजतो. जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसही असतो.

त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसात खोल गेले की तिथली भक्षक पेशी त्यांना गिळायला धावते. जंतू ती एरवी सहज पचवते. पण लांब तंतू तिच्यात मावतच नाही. अर्धा आत, अर्धा बाहेर. घशात माशाचा काटा अडकावा तशी तिची गत होते. ती दाह वाढवणारी रसायने ओतत राहते आणि त्यांनी आसपासच्या पेशींचा डीएनए बिघडतो. तंतू सहज विरघळत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षे चालते. वीस ते चाळीस वर्षांनी फुप्फुस कडक होते किंवा कर्करोग होतो. पांढरा अ‍ॅस्बेस्टॉस निरुपद्रवी, हा प्रचार मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते.

कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाला बजावले. पण पत्रे फोडणाऱ्या रोजंदारी मजुराची नोंद कोण ठेवणार? दम लागलेल्या रुग्णाला आम्ही बिडीबद्दल हटकून विचारतो. तीस वर्षांपूर्वी काय काम करत होता, हे मीही कित्येकदा विचारलेले नाही. केसपेपरवर तेवढा एक रकाना हवा.

आणि पत्रे काढायचेच असतील तर आधी पाणी मारा, अख्खे उतरवा. कोरडा झाडू मारू नका.