अब्बांनी ठेवलेली केबल

ईदसाठी गावी निघताना अब्बा म्हणाले, "जादा क्लच केबल बरोबर घे." मी "अल्लाह मालिक" म्हणत टाळले. कशेडी घाटात, ऐन मगरिबच्या सुमारास, केबल तुटली. भर वळणावरच मी खटपट करू लागलो. मागून अम्मी उतरली. "आधी गाडी कडेला घे!" मग तिने डब्याच्या पिशवीतून केबल काढली. अब्बांनीच ठेवलेली!

अम्मीने टॉर्च धरला. लिव्हरपासून इंजिनापर्यंत केबल ओवून ताण जुळवायला अर्धा तास लागला. वेळ सरण्याआधी रस्त्यापासून दूर, गवतावर आम्ही मगरिबची नमाज अदा केली.

निघताना सफरची दुआ पढावी; जादा केबल, प्लग, चाकांतली हवाही पाहावी. तवक्कुल म्हणजे बेफिकिरी नव्हे.