वारंवार मुरगळणारा घोटा

पाय मुरगळणें हें आपल्या घरांत कोणी दुखण्यांत धरीत नाहीं. आंबेहळदीचा लेप लावावा, चार दिवस लंगडावें आणि पांचव्या दिवशीं कामास लागावें, ही आपली परंपरा. बहुतेकांचा घोटा असा बराही होतो. परंतु कांहींचा तोच घोटा पुन्हां पुन्हां दगा देतो. मग खडबडीत वाट दिसली कीं मनुष्य बिचकूं लागतो आणि घरांतील वडील मंडळी “याचा पायच नाजूक” असा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल देण्यापूर्वीं वाचकांनीं घोट्याची रचना समजून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

सुश्रुतसंहितेंत सांगितलेल्या १०७ मर्मांत गुल्फ म्हणजे घोटा याची गणना आहे. तेथें आघात झाल्यास वेदना, ताठरपणा किंवा लंगडेपणा येतो असें तेथें म्हटलें आहे. आजचें शारीरशास्त्र याचें कारण दाखवितें. घोट्याच्या बाहेरच्या अंगास हाडास हाड बांधणारे तीन चिवट पट्टे असतात. त्यांस अस्थिबंध म्हणतात. पाऊल आंत वळून देहाचा भार त्यावर पडला कीं पुढचा पट्टा प्रथम ताणतो किंवा तुटतो. आघात मोठा असल्यास टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसराही. हे पट्टे केवळ दोर नव्हत. पाऊल कसें पडलें याची वार्ता मेंदूस पोंचविणारे ज्ञानतंतूही त्यांत असतात, याकडे १९६५ सालीं इंग्लंडांतील फ्रीमन व त्यांचे सहकारी यांनीं लक्ष वेधलें. म्हणून कोठें पट्टाच सैल झालेला असतो, तर कोठें पट्टा ठीक असून वार्ता उशिरां पोंचते. पुष्कळांच्या ठिकाणीं दोन्ही दोष एकत्र नांदतात.

यांतील भेद ओळखणें हेंच निदान. वैद्य एका हातानें नडगी स्थिर धरून दुसऱ्यानें टाच पुढें ओढतात, मग पाऊल आंत वळवून पाहतात आणि दुसऱ्या पायाशीं तुलना करतात. क्ष-किरणांनीं हाडाची स्थिति कळते. एमआरआयनें पट्टे, कंडरा आणि सांध्यांतील कूर्चा दिसते. टाच मुळांतच आंत वळलेली आहे काय, हेंही पाहावें लागतें. तो दोष तसाच राहिला तर उत्तम शिवलेला पट्टाही पुन्हां सैल पडतो.

निदान झालें म्हणजे लगेच शस्त्र धरावयाचें असें नाहीं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याची कन्या खो-खो खेळे. दोन वर्षांत तिचा घोटा तीनदां मुरगळला, तेव्हां आजीनें खेळच बंद करविला. तपासणीअंतीं तिला एका पायावर तोल सांभाळणें, डुगडुगत्या फळीवर उभें राहणें आणि नडगीच्या बाहेरील स्नायूंस बळ देणें, असे व्यायाम सांगण्यांत आले. चार महिने नेमानें केल्यावर मुलगी मैदानावर परतली. खेळ बंद करणें हा उपाय नव्हता. पाय शिकविणें हा होता.

कित्येक महिने असे व्यायाम करूनही घोटा वळतच राहिला आणि पट्टा सैल आहे असें ठरलें, तरच शस्त्रक्रियेचा विचार. पूर्वीं बाहेरच्या बाजूची कंडरा घेऊन तिनें घोटा बांधीत. त्यानें स्थैर्य येई, पण पावलाची सहज हालचाल आखडे. १९६६ सालीं स्वीडनचे ब्रोस्ट्रॉम यांनीं सैल झालेला मूळ पट्टाच आंखूड करून जागीं शिवण्याची रीत वर्णिली. १९८० सालीं गूल्ड यांनीं शेजारच्या पडद्याची जोड देऊन ती बळकट केली. आजही याच रीतीस प्रथम मान आहे. मूळ पट्टा अगदींच जीर्ण असेल तर दुसऱ्या ठिकाणची कंडरा बसवितात. बहुतेकांस यानें आराम पडतो. तथापि त्वचेची बधिरता, ताठरपणा, जखमेंत पू होणें, हे धोके संभवतात. कांहीं आठवडे पाय बांधून ठेवावा लागतो, पुढें पुन्हां व्यायाम. आणि खेळ तर कित्येक महिन्यांनीं. शस्त्रानें पट्टा आंखूड होतो, परंतु तोल शिकविण्याचें काम शस्त्र करीत नाहीं.

घोटा वर्षानुवर्षें वळत राहिला तर आंतील कूर्चा झिजते आणि पुढें संधिवाताचें दुखणें मागें लागतें. यास्तव आमचें सांगणें इतकेंच: पहिल्या मुरगळीनंतर चार पावलेंही टाकवत नसतील किंवा घोट्याचें हाड दाबतांच कळ येत असेल, तर अस्थिभंगाची शंका धरून क्ष-किरण परीक्षा करावी; सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असें न मानतां तोलाचे व्यायाम नेमानें पुरे करावे; आणि घोटा पुन्हां पुन्हां वळूं लागल्यास त्यास नाजूकपणाचें नांव न देतां तज्ज्ञास दाखवावा. दैवावर ढकललेलीं पुष्कळ दुखणीं दुर्लक्षाचीं असतात, आणि दुर्लक्ष हें टाळण्यासारखें आहे.