एक रुपया बरोबर ठेवा

वाचकहो, कारखान्याचे ऊसबिल हातात पडले की तुम्ही आधी कपातीचे आकडे बघता. सांगलीला हळद विकली की हमाली-तोलाई दोनदा मोजता. मग आमदाराचाच हिशोब मागायला लाजता का?

सभागृहातले त्यांचे मत शोधणे अवघड. तिथे बहुधा आवाजी मतदान होते; मतविभागणी झाली तरच नावांची नोंद होते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते.

पण निवडणुकीचा खर्च बघता येतो. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरांकडे, हिशोब द्यावा लागतो. पैसा स्वतःचा, पक्षाचा की इतरांनी दिलेला, हेही त्यात लिहावे लागते. २०२४ च्या विधानसभेला उमेदवाराची मर्यादा ४० लाख रुपये होती. पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. एक रुपया फी भरून हा हिशोब कोणीही पाहू शकतो.

तेव्हा निवडणूक झाली, की साताऱ्याला किंवा सांगलीला कचेरीत जाल तेव्हा तो बघा. मंडप, गाड्या, जेवणे किती लिहिली आहेत ते वाचा. आणि आपल्या गावात डोळ्यांनी काय पाहिले, ते आठवा.