‘खुकरी’ बुडाली कशी?

बुलढाणा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला खारे पाणी ठाऊक असते ते लोणारच्या सरोवराचे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. त्यामुळे १९७१ चे युद्धही येथील वर्गांत बहुधा जमिनीवरच लढले जाते आणि ढाक्याच्या शरणागतीपाशी संपते. नौदलाचा उल्लेख झालाच तर ४ डिसेंबरच्या कराचीवरील हल्ल्याचा. तो दिवस नौदल दिन म्हणून साजरा होतो आणि तसा तो व्हावाही. परंतु त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी, ९ डिसेंबरच्या रात्री, मुंबईहून निघालेली ‘खुकरी’ ही युद्धनौका दीवनजीकच्या समुद्रात पाणतीराने काही मिनिटांत बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्यासह गेले. ६७ जण वाचले.

कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले, एवढे सांगितले जाते. गाळला जातो तो त्याआधीचा भाग. पाणबुडीच्या शोधार्थ धाडलेली नौकाच पाणबुडीचे भक्ष्य झाली, यात दैवाचा भाग थोडा होता. पाकिस्तानची ‘हंगोर’ नव्या धर्तीची, फ्रेंच बनावटीची. तिला नौकांची चाहूल दुरूनच लागे. ‘खुकरी’ १९५० च्या दशकातील ब्रिटिश बांधणीची. पाण्यात ध्वनी सोडून प्रतिध्वनीवरून शत्रूचा ठाव घेणारे तिचे सोनार यंत्र तोकड्या पल्ल्याचे. तो पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग त्या मोहिमेतच चालू होता आणि त्यासाठी नौकेचा वेग मंद ठेवला होता, ही हकीकत व्हाइस ॲडमिरल हिरानंदानी यांच्या नौदल-इतिहासातही आली आहे.

युद्धात असे धोके पत्करावेच लागतात, हा युक्तिवाद खोटा नाही. तोकड्या साधनांनिशी समुद्रात उतरणाऱ्यांचे धैर्य त्याने उलट अधिकच उजळते. मात्र ती साधने तोकडी का राहिली, हा प्रश्न मुल्लांच्या शौर्याआड दडविणे हा त्या १९४ जणांचा गौरव नव्हे. शौर्यकथा सांगण्यास सोपी असते. परीक्षेत तिच्यावर प्रश्नही काढता येतो. साधनसामग्रीच्या हेळसांडीवर प्रश्न काढणारा परीक्षक विरळा.

‘हंगोर’ आज कराचीच्या संग्रहालयात उभी आहे. दीवला समुद्राकडे तोंड करून ‘खुकरी’ची काचेतील प्रतिकृती आहे. सोमनाथ-दीवची सहल काढणाऱ्या शाळांची मुले तिच्यासमोर उभी राहून छायाचित्रे घेतील. त्यांतल्या एखाद्याने ही बुडाली कशी, असे विचारले, तर सोबतच्या शिक्षकाने काय सांगावे, हे सहल निघण्यापूर्वीच ठरलेले असावे.