सुट्ट्या विभागा, गर्दी ओसरेल

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत केळव्याच्या सुरूच्या बनात पाय ठेवायला जागा नसते. उमरोळीहून पालघर ओलांडले की पुढचे स्थानक केळवे रोड. तरीही उमरोळीच्या कारकुनाला तेथील खोली मुंबईकराच्याच भावाने घ्यावी लागते. घरमालकाच्या लोभाला दोष देणे सोपे आहे. परंतु वर्षभराचा खर्च त्याला मोजक्या दिवसांत भरून काढायचा असतो. खरे दुखणे सर्वांना एकदमच मिळणाऱ्या सुट्टीत आहे. कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा उशिरा उघडतात. म्हणजे वेळापत्रक हलू शकते. जर्मनीत तर राज्याराज्यांच्या उन्हाळी सुट्ट्या जाणूनबुजून पुढेमागे ठेवतात. सणांना धक्का न लावता आपणही सुट्ट्या जिल्हावार विभागल्या, तर भाडे उतरेल, गाडीत जागा मिळेल आणि किनाऱ्यावरच्या हातांना अधिक दिवस काम मिळेल. शिक्षण खात्याने याचा विचार करावा.